सॅम्पल न घेता परत गेलेल्या ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमचं आडनाव मला माहीत नाही. खारीगावात आमच्या बाजूच्या सगळ्या इमारतींत तुम्हाला ‘लॅबच्या ताई’ म्हणूनच ओळखतात. सकाळी साडेसहा-सातला बेल वाजते, तुम्ही चपला बाहेर काढता, रक्त घेता, बाटल्यांवर स्टिकर लावता आणि पुढच्या घरी जाता. आजार बरा झाला की लोक डॉक्टरांकडे पेढे घेऊन जातात, ते बरोबरच आहे. पण माझ्या बाबतीत सगळ्यात मोठं काम तुमच्या हातून झालं. ते चार लोकांना कळावं म्हणून हे पत्र उघड लिहितेय.

तुम्ही आमच्या घरी येण्याआधी काय काय झालं होतं, ते तुम्हाला पूर्ण ठाऊक नाही. दिवाळीनंतर माझा घसा आवळल्यासारखा व्हायला लागला. दुखत नव्हता, खवखवत नव्हता. गळ्याच्या खळगीच्या जरा वर कुणीतरी दोन बोटं टेकवून ठेवलीत आणि काढतच नाहीये, असं वाटायचं. जेवताना काही नाही. भाकरी, भात, अगदी सुकी चटणीसुद्धा सरळ खाली जायची. नुसता आवंढा गिळला की मात्र तो तिथेच अडकायचा. मग खरंच अडकतो का हे बघायला पुन्हा गिळायचा. मी नौपाड्यात एका पतपेढीत काउंटरला बसते, दिवसभर काचेपलीकडच्या माणसांशी मोठ्याने बोलायचं काम. संध्याकाळपर्यंत आवाज दबायचा, आणि ठाणे स्टेशनच्या पुलावर गर्दीत अडकले की श्वास पुरत नाही की काय, असं व्हायचं.

त्यात छातीत धडधड, झोप नाही, केस विंचरले की गुंतवळ हातात. शेजारच्या काकूंनी माझ्या गळ्याकडे निरखून बघितलं आणि म्हणाल्या, ‘थायरॉईड असणार गं.’ आमच्याच मजल्यावर किती घरांत त्या गोळ्यांची बाटली आहे, तेव्हा मलाही ते पटलं. खरी भीती मात्र वेगळी होती. माझ्या मामांना घशाचा कॅन्सर झाला होता. मी शाळेत असताना आई डबा घेऊन परळला टाटाला जायची, कधी मलाही बरोबर न्यायची. शेवटी शेवटी मामा पाटीवर लिहून बोलायचे. घरात हे मी कुणाजवळ काढलं नाही. सगळे झोपले की अंधारात गळा चाचपून बघायचे.

आमच्या डॉक्टरांनी थायरॉईडची तपासणी लिहून दिली. ऑफिसला जाता जाता स्टेशनजवळच्या एका सेंटरवर मी रक्त दिलं. तिथे नाव, वय आणि उपाशीपोटी आहात का, एवढंच विचारलं. रिपोर्टमध्ये टीएसएच ०.०५ आलं आणि फ्री टी-फोर, म्हणजे थायरॉईड स्वतः बनवतं ते हार्मोन, वरच्या मर्यादेच्याही पुढे. टीएसएच साधारण ०.४ ते ४ च्या दरम्यान असतं, लॅबप्रमाणे थोडा फरक पडतो. मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी टीएसएच सोडून थायरॉईडला कामाला लावते. थायरॉईड आपणहूनच जोरात चालत असलं की पिट्युटरी गप्प बसते आणि टीएसएच तळाला जातं. माझा कागद तेच सांगत होता. धडधड, केस, झोप, सगळं त्यात बसत होतं. डॉक्टरांनी कार्बिमॅझोल या गोळीचं नाव काढलं, पण घाई केली नाही. ‘एकदा पुन्हा तपासू, अँटिबॉडीही करू, मग गोळी चालू करू,’ म्हणाले. ते दुसरं सॅम्पल घ्यायला तुम्ही आलात.

डायनिंग टेबलावर तुम्ही पेटी उघडलीत. माझ्या दंडाला पट्टा बांधलात, मी मूठ आवळली, तुम्ही शीर चाचपून बघितलीत, कापसाने पुसलंत. सुई हातात घेताना तुमची नजर पाण्याच्या ग्लासाशेजारच्या गोळ्यांकडे गेली.

‘ही कसली हो, वहिनी?’

‘केसांची.’

तुम्ही पट्टा सोडलात. स्ट्रिप उचलून ट्यूबलाइटखाली धरलीत, चष्मा कपाळावर सरकवून मागची बारीक अक्षरं वाचलीत. ‘रोज घेता? काल घेतली? मागच्या वेळी रक्त दिलंत तेव्हाही चालू होती?’ सगळ्याला मी हो म्हटलं.

मग तुम्ही म्हणालात, ‘मी डॉक्टर नाही. गोळी बंद करा असं मी सांगणार नाही. पण यात बायोटिन आहे, दहा मिलिग्रॅम. आमच्या मॅडमनी सांगून ठेवलंय, थायरॉईडच्या सॅम्पलआधी हे विचारायचं. आज रक्त घेतलं तर तुमचे पैसे जातील आणि रिपोर्ट कदाचित पुन्हा तसाच येईल. आधी तुमच्या डॉक्टरांना फोन करा.’ तुम्ही गॅलरीत जाऊन मॅडमना फोन लावलात. परत आल्यावर फॉर्मवर लिहिलंत, ‘बायोटिन चालू, सॅम्पल घेतलं नाही.’ रिकाम्या बाटल्या पेटीत ठेवल्यात. मी फेरीचे पैसे पुढे केले तर म्हणालात, ‘सॅम्पल नाही तर पैसे कसले?’

ताई, रक्त घेऊन गेला असतात तर कुणी तुम्हाला बोल लावला नसता. फॉर्मवर डॉक्टरांची सही होती, पेशंट उपाशीपोटी बसली होती, तुमच्यापुढे सकाळची अजून किती घरं होती. तुम्ही थांबलात.

डॉक्टरांनी नंतर मला सगळं नीट समजावलं. बायोटिन हे ब गटातलं जीवनसत्त्व. माणसाला दिवसाला ते ३०-४० मायक्रोग्रॅम पुरतं, आणि केसांच्या गोळीत असतं त्याच्या शेकडो पट. जास्तीचं लघवीवाटे निघून जातं, अंगाला सहसा अपाय होत नाही. अडचण होते ती मोजणीत. हार्मोन मोजणाऱ्या पुष्कळ यंत्रांत बायोटिन आणि स्ट्रेप्टॅव्हिडिन नावाचं एक प्रथिन, हे दोघं एकमेकांना घट्ट धरतात याचा उपयोग करून घेतलेला असतो. पेशंटच्या रक्तातच बायोटिन भरपूर असलं की ते मध्ये घुसून जागा अडवतं आणि हिशेब बिघडतो. टीएसएच असतं त्यापेक्षा कमी दिसतं. टी-थ्री आणि टी-फोर ही थायरॉईडची हार्मोन्स मोजायची पद्धत उलटी, म्हणून ती जास्त दिसतात. म्हणजे थायरॉईड ठणठणीत असलेल्या बाईच्या हातात हायपरथायरॉईडचा, म्हणजे थायरॉईड जोरात चालत असल्याचा रिपोर्ट पडतो. ग्रेव्ह्ज या थायरॉईड जोरात चालवणाऱ्या आजारासाठी जी अँटिबॉडी तपासतात, तिचा रिपोर्टही असाच चुकू शकतो. सगळ्या यंत्रांत असं होत नाही, पण आपलं रक्त कुठल्या यंत्रावर जाणार हे पेशंटला कुठून कळणार? अमेरिकेच्या एफडीएने २०१७ साली याबद्दल इशारा दिला होता आणि त्यात ट्रोपोनिनचाही उल्लेख होता. हार्ट अटॅक ओळखायला जी ट्रोपोनिन तपासणी करतात, तीही बायोटिनमुळे खोटीच कमी येऊ शकते. हे ऐकून माझ्या अंगावर काटा आला. केसांची गोळी औषधात कुणी धरत नाही. ‘औषधं कुठली चालू आहेत?’ विचारलं तर माणूस बीपीची सांगतो, शुगरची सांगतो. ‘केसांसाठी, नखांसाठी काही घेता का?’ असं नाव घेऊनच विचारावं लागतं, आणि ते तुम्ही विचारलंत.

बायोटिन किमान दोन दिवस तरी बंद ठेवावं लागतं. माझी मात्रा मोठी म्हणून डॉक्टरांनी आठवडाभर थांबायला सांगितलं. मग तुम्हीच येऊन सॅम्पल घेतलंत. टीएसएच २.४, फ्री टी-फोर मर्यादेच्या मधोमध. कार्बिमॅझोल थायरॉईडचं काम दाबणारी गोळी आहे. ज्याला गरज आहे त्याला ती वरदान आहे, पण मला ती सुरू झाली असती तर चांगली चाललेली ग्रंथी हळूहळू मंदावली असती. क्वचित कुणाला या गोळीने पांढऱ्या पेशी एकदम कमी होतात, आणि त्याची पहिली खूण ताप आणि घसा दुखणं. आधीच घशाच्या धास्तीत असलेल्या बाईचं काय झालं असतं, मला कल्पनाही करवत नाही.

रिपोर्ट चांगला आला तरी घसा आवळलेलाच होता. घरचे म्हणायला लागले, ‘सगळं नॉर्मल आहे, आता विचार करू नकोस.’ मी जिन्यात भेटले तेव्हा तुम्ही विचारलंत, ‘घसा कसाय?’ मी म्हटलं, ‘तसाच.’ त्यावर तुम्ही म्हणालात, ‘रक्तात काही निघालं नाही म्हणजे त्रास खोटा, असं नसतं वहिनी. घशाच्या डॉक्टरांना दाखवा.’ ते एक वाक्य ऐकायला मी किती आसुसले होते, हे तुम्हाला त्या जिन्यात कळलं नसेल. तुम्ही पेटी सावरत वर गेलात आणि मी तिथेच उभी राहून रडले.

कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात कान-नाक-घशाचा केसपेपर काढला. डॉक्टर मुलगी वयाने माझ्या भाचीएवढी, पण किती शांतपणे विचारलं तिने. घास अडकतो का, की फक्त आवंढा? वजन उतरलंय? आवाज तीन आठवड्यांपेक्षा जास्त बसलेला राहिलाय? एकाच बाजूचा कान दुखतो? थुंकीत रक्त? तंबाखू, मिश्री? मामांचं मी पहिल्यांदा तिच्यासमोर बोलले. नाकात बधिर करणारा स्प्रे मारून तिने बारीक दुर्बीण आत घातली आणि स्वरयंत्र मला पडद्यावर दाखवलं. दोन्ही स्वरपट्ट्या छान हलत होत्या. गाठ नाही, जखम नाही, मागच्या बाजूला थोडी लाली. गळ्याची सोनोग्राफीही झाली. थायरॉईडमध्ये चार मिलिमीटरची एक गाठ निघाली, निरुपद्रवी दिसणारी. अशा बारीक गाठी पुष्कळ बायकांच्या थायरॉईडमध्ये सापडतात आणि एवढ्याशा गाठीने घसा दाबला जात नाही, असं तिने सांगितलं. ग्रंथी खूप वाढली असती तर गोष्ट वेगळी.

माझ्या त्रासाला ग्लोबस म्हणतात. जेवताना बरं वाटतं आणि रिकामा आवंढा गिळताना अडकतं, हीच त्याची ओळख. पोटातलं आम्ल वर येऊन घसा चिडणं, सारखं खाकरणं, दिवसभर ताणून बोलल्यामुळे गळ्याचे स्नायू आखडणं, मनावरचा ताण, सगळं त्यात मिसळलेलं असतं. खाकरायच्या ऐवजी पाण्याचा छोटा घोट घ्यायचा, जेवण आणि झोप यात तीन तास ठेवायचे, जांभई दिल्यासारखा घसा सैल सोडून हळू हुंकार काढायचा, असं तिने शिकवलं. छातीत जळजळ नव्हती, म्हणून ॲसिडिटीच्या गोळ्या दिल्या नाहीत. काउंटरवर मी आता पाण्याची बाटली ठेवते आणि काचेच्या फटीजवळ तोंड नेऊन हळू बोलते. घसा पूर्ण मोकळा झाला असं म्हणणार नाही. महिनाअखेरीला, गर्दीच्या दिवसांत, ती बोटं पुन्हा टेकतात. पण अंधारात चाचपणं थांबलं, आणि त्याबरोबर धडधडही गेली.

सासूबाईंचंही सांगते. त्यांच्या थायरॉईडच्या गोळीची मात्रा दर खेपेला बदलायची, कधी टीएसएच नऊ तर कधी पाच. त्यांचं सॅम्पल घेताना तुम्ही विचारलंत, ‘आजी, गोळी कधी घेता?’ चहाबरोबर, आणि लगेच कॅल्शियम. तुम्ही इतकंच म्हणालात की डॉक्टरांना हे मुद्दाम सांगा. डॉक्टरांनी सांगितलं की ही गोळी उपाशीपोटी नुसत्या पाण्याबरोबर, चहा-नाश्त्याच्या निदान अर्धा तास आधी घ्यायची, आणि कॅल्शियम किंवा लोहाची गोळी चार तासांनी, नाहीतर ती नीट शोषली जात नाही. आता त्या कॅल्शियम दुपारच्या जेवणानंतर घेतात आणि मागच्या दोन रिपोर्टांत टीएसएच जागेवर आहे.

तुमच्या लॅबच्या मॅडमना मी वेगळं पत्र दिलंय. त्यात दोन गोष्टी लिहिल्यात. केसांच्या आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्यांचा प्रश्न फॉर्मवरच छापावा. आणि ज्या सकाळी तुम्ही रिकाम्या बाटल्या घेऊन परत गेलात, ती फेरी तुमच्या हिशेबात पूर्ण धरावी. त्या सकाळचे पैसे मी पाकिटात घालून त्या पत्रासोबत दिलेत. या वेळी नाही म्हणू नका.

तुमची,
खारीगावातली वहिनी