जुन्या टॅबमध्ये नवे अँड्रॉइड टाकण्याआधी मॉडेल नंबर बघा

प्रति,
मा. संपादक
यांस सप्रेम नमस्कार.

विषय: टॅबवर कस्टम रॉम टाकताना दुकानांत होणाऱ्या चुका

महोदय,

ठाणे स्टेशनच्या आसपास काय किंवा वाशीच्या सेक्टर १७ मध्ये काय, मोबाइल दुरुस्तीच्या दुकानांत हल्ली ‘जुन्या टॅबमध्ये नवीन अँड्रॉइड टाकून मिळेल’ असे सर्रास सांगितले जाते. गिऱ्हाईकही भरपूर आहे. घोडबंदर रोडच्या गृहसंकुलांत गेटवर व्हिजिटरची नोंद घेणारे टॅब आहेत, टाळेबंदीत मुलांच्या ऑनलाइन शाळेसाठी घेतलेले टॅब घरोघरी पडून आहेत. अ‍ॅप उघडले की ‘हे उपकरण आता सपोर्टेड नाही’ असा निरोप येतो. यातल्या बऱ्याच टॅबचे हार्डवेअर ठणठणीत असते आणि कस्टम रॉम (कंपनीऐवजी इतरांनी त्या टॅबसाठी तयार केलेले अँड्रॉइड) नीट बसवला तर ते आणखी काही वर्षे सहज निघतात. पण हे काम ज्या घाईने उरकले जाते त्यात चांगले टॅब हकनाक बाद होतात. कारण बहुतेक वेळा एकच असते. टॅबचे नाव वाचले जाते, मॉडेल नंबर वाचला जात नाही.

सॅमसंगचा गॅलॅक्सी टॅब एस६ लाइट घ्या. या एका नावाखाली तीन वेगवेगळे टॅब विकले गेले. २०२० चा एसएम-पी६१० (नुसता वायफाय) आणि पी६१५ (सिमवाला) यांत एक्सिनॉस ९६११ हा प्रोसेसर आहे. २०२२ च्या पी६१३ आणि पी६१९ मध्ये स्नॅपड्रॅगन ७२०जी आहे. २०२४ च्या पी६२० आणि पी६२५ मध्ये पुन्हा एक्सिनॉस, पण १२८०. बाहेरून तिघे सख्खे भाऊ, आतून एकमेकांशी काही संबंध नाही. लिनिएजओएस या कस्टम रॉमची बिल्ड (बसवायची तयार आवृत्ती) निघाली ती २०२० च्या जोडीसाठी, आणि त्यातही वायफायवाल्याची फाइल वेगळी, सिमवाल्याची वेगळी. तेव्हा खोक्यावर, बिलावर किंवा विकणाऱ्याच्या शब्दावर जाऊ नये. सेटिंग्जमध्ये ‘अबाउट टॅबलेट’ उघडून मॉडेल नंबर स्वतः लिहून घ्यावा आणि त्याच नंबरची फाइल शोधावी. ‘जवळपास तेच मॉडेल आहे, चालून जाईल’ असे कोणी म्हणाले तर टॅब उचलून घरी यावे.

दुसरी गोष्ट, टॅबकडून काम काय हवे हे आधी ठरवावे. रॉम त्यावरून निवडायचा असतो, अँड्रॉइडचा आकडा सर्वांत मोठा कुठे मिळतो यावरून नव्हे. बँकेचे किंवा यूपीआयचे अ‍ॅप चालवायचे असेल तर त्या टॅबवर कस्टम रॉमच्या वाटेला जाऊच नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. कस्टम रॉमसाठी बूटलोडर (टॅब सुरू होताना कोणती सिस्टिम चालू द्यायची ते ठरवणारा प्रोग्राम) अनलॉक करावा लागतो, आणि तसे उपकरण गुगलच्या प्ले इंटिग्रिटी तपासणीत (सॉफ्टवेअर मूळचेच आहे का हे बघणाऱ्या) अडकते. तिला चकवा देणारी मॉड्यूल मिळतात, पण ती आज चालतात आणि उद्या बंद पडतात. पैशाच्या व्यवहाराला असला भरवसा कामाचा नाही. सिनेमे बघायचे असतील तर वाइडवाइनची (सिनेमांच्या कॉपी-संरक्षणाची) पातळी एल१ वरून एल३ वर घसरू शकते. मग नेटफ्लिक्ससारख्या ठिकाणी एचडी मिळत नाही आणि दहा इंची पडद्यावर चित्र धुरकट दिसते. पुस्तके, पीडीएफ, यूट्यूब, संगीत, गेटवरची नोंद यांना मात्र काहीच अडचण नाही.

रॅम २ जीबी असेल तर अँड्रॉइड १३ किंवा १४ आणि वर गुगलची सगळी अ‍ॅप हा हट्ट सोडावा. टॅब चालू होईल, पण कीबोर्ड वर यायलाच वेळ लागेल. अशा ठिकाणी एखादी आवृत्ती जुनी पण अजून सुरक्षा-पॅच मिळणारी बिल्ड आणि गुगल सेवांचा सर्वांत छोटा संच बसवावा. एकाच अ‍ॅपसाठी वापरायचा टॅब असेल आणि ते अ‍ॅप गुगल सेवांवाचून चालत असेल, तर तो संच टाळलेलाच बरा.

आता सॅमसंगच्या टॅबवर प्रत्यक्ष काम कसे होते ते थोडे सविस्तर लिहितो, कारण गोंधळ सर्वांत जास्त तिथेच होतो. प्रथम टॅबमधला डेटा बाहेर काढावा आणि गुगल खाते सेटिंग्जमधून काढून टाकावे. खाते तसेच ठेवून बटणांनी रिसेट केले की फॅक्टरी रिसेट प्रोटेक्शन (जुने खाते मागणारे कुलूप) आड येते. मग ‘बिल्ड नंबर’वर सात वेळा टिचकी मारून डेव्हलपर ऑप्शन्स उघडावेत आणि ‘ओईएम अनलॉकिंग’ (बूटलोडर अनलॉक करण्याची परवानगी) चालू करावे. हा पर्याय दिसतच नसेल तर टॅब काही दिवस इंटरनेटला जोडून ठेवावा. वन यूआय (सॅमसंगचे स्वतःचे अँड्रॉइड) ८ पासून सॅमसंगच्या उपकरणांवरून हा पर्याय गायब होऊ लागला आहे, त्यामुळे ज्यांना पुढेमागे कस्टम रॉम टाकायचा आहे त्यांनी कंपनीचा मोठा अपडेट घेण्याआधी चौकशी करावी. टॅब बंद करून आवाजाची दोन्ही बटणे दाबून धरत संगणकाला जोडलेली केबल लावली की डाउनलोड मोडचा इशारा येतो. तिथे आवाज वाढवायचे बटण दाबून धरल्यावर अनलॉकची विचारणा होते. होकार दिला की सगळा डेटा पुसला जातो.

याच्या पुढच्याच पायरीवर घाई नडते. अनलॉक झाल्यावर टॅब एकदा नेहमीसारखा चालू करून वायफायला जोडावा आणि डेव्हलपर ऑप्शन्समध्ये परत जाऊन ओईएम अनलॉकिंग चालू, पण राखाडी दिसते ना, ते बघावे. हे न करता फ्लॅश करायला, म्हणजे टॅबमध्ये नवी फाइल लिहायला, गेले की ‘ओन्ली ऑफिशियल रिलीज्ड बायनरीज आर अलाउड टू बी फ्लॅश्ड’ अशी लाल ओळ येते आणि ओडिन (संगणकावरून सॅमसंगमध्ये फाइल टाकणारे सॉफ्टवेअर) हात वर करतो. आणखी एक सांगायलाच हवे. कस्टम फाइल पहिल्यांदा पडली की नॉक्स या सॅमसंगच्या सुरक्षा-व्यवस्थेचा फ्यूज कायमचा जळतो. नंतर कंपनीचे मूळ सॉफ्टवेअर परत टाकले तरी सिक्युअर फोल्डर (खासगी फाइलींचा कुलूपबंद कप्पा) मिळत नाही. वॉरंटी शिल्लक असेल तर तिच्यावरही पाणी सोडावे लागते. दुकानदाराने हे गिऱ्हाइकाला आधी सांगायला नको का?

पुढे ओडिनमधून रिकव्हरी (अँड्रॉइडबाहेर चालणारी, रॉम बसवण्याची छोटी सिस्टिम) टाकायची. त्या मॉडेलच्या सूचनांत रिकामी व्हीबीमेटा फाइल (सुरू होतानाची सही-तपासणी बंद करणारी) सांगितली असेल तर तीही. ओडिनच्या ऑप्शन्समधली ‘ऑटो रिबूट’ची खूण आठवणीने काढावी. ती राहिली तर टॅब सरळ मूळ सिस्टिममध्ये जातो आणि ती सिस्टिम नवी रिकव्हरी पुसून आपली जुनी परत बसवते. ‘रिकव्हरी टाकली होती, गेली कुठे?’ या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा हेच असते. फ्लॅश झाल्यावर बटणांनी टॅब बंद करावा आणि पॉवर व आवाज वाढवायचे बटण धरून थेट रिकव्हरीत जावे.

रिकव्हरीत फॅक्टरी रिसेटखालचा ‘फॉरमॅट डेटा’च करायचा. नुसते वाइप पुरत नाही. जुना डेटा एन्क्रिप्ट केलेला असतो, नव्या रॉमकडे त्याची किल्ली नसते, आणि टॅब लोगोवर फिरत राहतो. त्यानंतर संगणकावरून एडीबी साइडलोडने (केबलवरून फाइल पाठवण्याच्या आज्ञेने) रॉम पाठवायचा. इथे अनेकांची धांदल उडते, कारण संगणकाच्या पडद्यावरचा आकडा ४७ टक्क्यांवर थांबतो आणि ‘फेल्ड टू रीड कमांड: सक्सेस’ अशी विचित्र ओळ उमटते. घाबरून केबल उपटू नये. हे यशाचेच लक्षण असू शकते. टॅबच्या पडद्यावर काय लिहिले आहे ते वाचावे. गुगल सेवा हव्या असतील तर त्यांची फाइल याच बैठकीत, पहिल्यांदा चालू करण्याआधी टाकायची. अँड्रॉइडची आवृत्ती तीच आणि प्रोसेसर एआरएम (३२ बिट) की एआरएम६४ (६४ बिट) हेही जुळलेले हवे. सही पटत नाही असे रिकव्हरी म्हणाली तर या फाइलपुरते ‘होय’ म्हणायला हरकत नाही. रॉमच्याच फाइलला ती तसे म्हणाली तर मात्र थांबावे आणि विंडोजवर सर्टयूटिल या आज्ञेने फाइलचा एसएचए२५६ आकडा (फाइलचा ओळख-ठसा) काढून मूळ ठिकाणच्या आकड्याशी ताडून बघावा.

बॅटरी निम्म्याच्या वर असावी आणि काम लॅपटॉपवर करावे. पावसाळ्यात वीज कधी जाईल याचा नेम नसतो आणि फ्लॅश चालू असताना डेस्कटॉप बंद पडला तर पुढचा ताप वाढतो. केबल डेटाची हवी, मध्ये यूएसबी हब नको. पहिल्यांदा चालू व्हायला दहा-पंधरा मिनिटे लागू शकतात. त्याहून बराच जास्त वेळ लोगो फिरत राहिला तर तो बूटलूप समजावा.

एका कस्टम रॉमवरून दुसऱ्यावर जाताना वेगळेच खूळ दिसते. डेटा न पुसता वरून दुसरा रॉम मारला जातो. त्याच रॉमची त्याच वंशातली पुढची बिल्ड असेल तर हे चालते. रॉम बदलला, किंवा कोणीतरी घरी बनवलेल्या बिल्डवरून अधिकृत बिल्डवर आलात, की सिस्टिमच्या अ‍ॅपच्या सह्या बदलतात आणि ‘अ‍ॅप बंद पडले’च्या चौकटी थांबत नाहीत. वरच्या अँड्रॉइडवरून खालच्यावर येतानाही फॉरमॅटला पर्याय नाही. आणि कस्टम रॉम असताना बूटलोडर परत लॉक करू नये. आधी मूळ सॉफ्टवेअर पूर्ण बसवावे, ते नीट चालू होते हे पाहावे, मगच लॉक.

परतीच्या वाटेवर सॅमसंगची एक खोच आहे आणि तीच दुकानांत सर्वाधिक गफलत करते. बिल्ड नंबरच्या शेवटून पाचवे अक्षर म्हणजे बूटलोडरची पायरी. समजा बिल्डच्या शेवटी ‘यू३सीव्हीआय१’ आहे, तर पायरी ३. आता २ किंवा १ पायरीची फाइल या टॅबवर जाणार नाही. ओडिन लाल होतो आणि टॅबवर ‘एसडब्ल्यू रेव्ह चेक फेल’ म्हणून दोन आकडे येतात, एक उपकरणाचा, एक फाइलचा. दुकानदाराकडच्या हार्ड डिस्कवर दोन वर्षांपूर्वीची फाइल असते, ती नकार खाते, आणि गिऱ्हाइकाला सांगितले जाते की बोर्ड गेला. बोर्डाला काही झालेले नसते. तीच किंवा वरची पायरी असलेली, त्याच मॉडेलची भारतातली फाइल आणली की टॅब उठतो. तिच्यातल्या सीएससी (देशानुसारच्या सेटिंगच्या) फाइलने डेटा पुसला जातो, होम-सीएससीने राहतो. कस्टम रॉमवरून परतताना पहिलीच वापरावी.

मीडियाटेक प्रोसेसरच्या स्वस्त टॅबवर ओडिनचा संबंध नाही, तिथे एसपी फ्लॅश टूल चालते. त्यात ‘फॉरमॅट ऑल प्लस डाउनलोड’ हा पर्याय दिसतो, तो बोट लावायच्या लायकीचा नाही. त्याने एनव्हीरॅम (उपकरणाचे कायमचे नंबर जपणारी जागा) पुसले जाते आणि त्याबरोबर आयएमईआय (सिमवाल्या उपकरणाचा ओळख क्रमांक) आणि वायफायचा पत्ताही. नेहमीच्या कामाला ‘डाउनलोड ओन्ली’ पुरते. गेलेल्या आयएमईआयच्या जागी दुकानात भलताच नंबर लिहून देण्याची तयारी दाखवली जाते. तो सरळसरळ गुन्हा आहे, नंबर दुसऱ्याचा असो की मनाने रचलेला.

शाळेने, शिकवणीने किंवा कंपनीने दिलेले, व्यवस्थापनाचे कुलूप लागलेले टॅब फ्लॅश करून ‘मोकळे’ करून देतो म्हणणाऱ्यांपासून दूर राहावे. कुलूप काढण्याचा अधिकार ज्याने लावले त्याचा. तो नसेल तर स्वस्तात मिळतो म्हणून असला टॅब विकतही घेऊ नये.

गेटवरच्या टॅबबद्दल एक. तो चोवीस तास चार्जरवर असतो, त्यात उन्हाची केबिन, त्यामुळे बॅटरी फुगते. पडदा कडेने उचललेला दिसला तर त्या टॅबवर कोणतेही सॉफ्टवेअर टाकू नये. तो आधी बंद करून बॅटरी बदलावी, नाही तर अधिकृत ई-कचरा संकलकाकडे द्यावा. बॅटरी चांगली असेल तर लिनिएजओएस २० पासून काही मॉडेलवर चार्जिंग ठरावीक टक्क्यांवर थांबवण्याची सोय आहे, ती ८० वर ठेवावी. रहिवाशांचे फोन नंबर आणि गाड्यांचे नंबर या टॅबवर असतात, म्हणून रॉमचा मासिक पॅच चुकवू नये. तरी मोडेम आणि प्रोसेसरचे कंपनीकडून आलेले भाग त्या पॅचने नवे होत नाहीत, हेही सोसायटीच्या कमिटीने लक्षात घ्यावे.

आपल्या वृत्तपत्रामार्फत दुरुस्तीच्या दुकानदारांना एक विनंती आहे. पावतीवर नुसते ‘सॉफ्टवेअर’ लिहून पैसे घेऊ नका. टॅब हातात घेताना त्याचा पूर्ण मॉडेल नंबर आणि त्या वेळचा बिल्ड नंबर लिहा, परत देताना कोणती फाइल टाकली तिचे पूर्ण नाव लिहा. टॅब पुढे दुसऱ्या कोणाकडे गेला तर त्याला पायरी कोणती, रॉम कोणता हे शोधत बसावे लागणार नाही. गिऱ्हाइकांनीही अशी पावती मिळाल्याशिवाय टॅब काउंटरवर सोडू नये.

आपला,
एक वाचक
कासारवडवली, ठाणे (पश्चिम)