अंगठा बरा होता, मंत्रिमहोदय

प्रति,
मा. शालेय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : प्रौढ साक्षरतेचे वर्ग चालवणाऱ्या लहान संस्थांना अनुदान देण्याबाबत.
संदर्भ : नाही. आमच्याकडे जावक क्रमांकाची वही नाही. एक टेबल आहे, त्यावर फळा टेकवलेला असतो.

महोदय,
सविनय नमस्कार.

सोलापूरच्या पूर्व भागात बिडी कामगार बायकांचा एक साक्षरता वर्ग मी अकरा वर्षं घेते आहे. वर्ग दुपारी दोन ते चार. ही वेळ बायकांनीच ठरवली. सकाळी बिड्या कारखान्यात मोजून द्यायच्या, उद्याचं पान-तंबाखू घेऊन यायचं, स्वयंपाक उरकायचा आणि बिड्यांचं सूप घेऊनच वर्गाला यायचं. बोटं बिडी वळतात, डोळे फळ्यावर असतात. घरात तेलुगू बोलतात, पण बसची पाटी, रेशनचा कागद, बँकेचा फॉर्म सगळं मराठीत. म्हणून मराठी अक्षरं शिकायची, हेही त्यांनीच ठरवलं.

आमच्यातल्या एका अक्काला सही यायला लागली त्या दिवशी तिने वर्गात बुंदी वाटली. चार महिन्यांनी कर्जाच्या एका कागदावर तिने तीच सही केली, सात ठिकाणी. पूर्वी तिचा अंगठा होता. अंगठा घ्यायचा तर साक्षीदार लागतो, कागद वाचून दाखवावा लागतो, निदान तसा नियम तरी आहे. सही दिसली की समोरचा माणूस बाईला वाचता येतं असं धरून चालतो. आपण शेजारणीला जामीन राहिलोय हे तिला शेजारणीचे हप्ते थकल्यावर कळलं. "टीचर, अंगठाच बरा होता," असं ती मला म्हणाली. हे वाक्य तुमच्या कानावर घालायचं होतं म्हणून हे पत्र.

सही शिकवायला मला तीन आठवडे लागतात. कागद वाचून त्यात काय लिहिलंय ते समजायला दीड ते दोन वर्षं. या दोन वर्षांसाठी शिकवणाऱ्याला काही द्यायची तरतूद सरकारकडे नाही.

'उल्लास' म्हणजे नव भारत साक्षरता कार्यक्रम मी नीट वाचला आहे. २०२२ ते २०२७ अशी पाच वर्षं, ५ कोटी निरक्षरांचं उद्दिष्ट आणि खर्च १,०३७.९० कोटी रुपये, त्यातले ७०० कोटी केंद्राचे, बाकी राज्यांचे. मी वर्गात बायकांना भागाकार शिकवते, तेव्हा हाही केला. माणशी दोनशे सात-आठ रुपये येतात. पाच वर्षांत, एकदाच. एवढ्यात भागतं, कारण शिकवणाऱ्याला काही द्यायचंच नाही असं योजनेचं मूळ सूत्र आहे. शिकवणारा स्वयंसेवक. विद्यार्थी, शिक्षक, निवृत्त माणसं, कुणीही आपल्या शेजारच्या निरक्षराला शिकवावं.

कल्पना सुंदर आहे आणि मी तिची थट्टा करणार नाही. साताऱ्यात १९५९ साली सुरू झालेली ग्राम शिक्षण मोहीम अशीच गावाच्या बळावर उभी राहिली. नव्वदच्या दशकातल्या संपूर्ण साक्षरता मोहिमाही स्वयंसेवकांनीच ओढल्या. पण मोहीम पुढे सरकली की मागे अक्षरं पुसली जातात, ही तक्रारही तेवढीच जुनी आहे. नात आजीला क ख ग शिकवते, खरंच शिकवते, मी पाहिलंय. मग नातीची दहावी येते. तिथून पुढे आजीला कोण शिकवणार?

शिक्षकांवर भार टाकण्याचं काय झालं ते तुमच्या खात्याला ठाऊक आहे. २०२३ मध्ये निरक्षरांच्या सर्वेक्षणावर शिक्षक संघटनांनी बहिष्कार घातला. त्यांना मी दोष देत नाही. पोरांना शिकवायचं, खिचडीचा हिशेब ठेवायचा, निवडणुकीच्या याद्या करायच्या आणि शिवाय गल्लीगल्लीतून निरक्षर शोधायचे?

मग राहतं कोण? आमच्यासारख्या बारक्या संस्था. आमच्या वर्गावर वस्तीतल्याच दोन मुली शिकवतात. देणग्यांतून त्यांना महिना अडीच हजार देतो, तेही कधी दोन महिन्यांचे एकदम. दिवाळीनंतर त्यातली चांगली शिकवणारी मुलगी टॉवेलच्या कारखान्यात शिवणाला गेली. माझ्यासमोर रडली, पण गेली. तिच्या हाताखालच्या नऊ बायकांपैकी पाच पुन्हा आल्याच नाहीत. ती तेलुगूत सांगून मराठीत लिहून घ्यायची. मला ते जमत नाही. माझी तेलुगू अजून भाजीबाजारापुरतीच आहे.

सरकारने कधीच पैसे दिले नाहीत असंही नाही. २ ऑक्टोबर १९७८ ला राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रम सुरू झाला तेव्हा स्वयंसेवी संस्थांना अनुदान मिळत होतं. २००९ च्या 'साक्षर भारत'मध्ये ग्रामपंचायतीच्या लोकशिक्षण केंद्रावर प्रेरक, म्हणजे केंद्र चालवणारे कार्यकर्ते होते, महिना २,००० रुपये मानधनावर. ती योजना खेड्यांसाठी होती, आमच्या शहरी वस्त्या तिच्या बाहेरच राहिल्या. पण केंद्र चालवणाऱ्याच्या पोटाचा विचार तरी तिच्यात होता. मार्च २०१८ ला ती संपली आणि त्याबरोबर तो विचारही.

आता तुमच्या मनात जे आलं असेल ते मीच बोलून टाकते. संस्थांना पैसे द्यायचे म्हणजे खाणाऱ्यांना ताट वाढायचं. आमच्यातही चोर आहेत, साहेब. जुने कार्यकर्ते सांगतात, रात्रीचे वर्ग कागदावर भरायचे आणि कंदिलाचं रॉकेलही कागदावरच जळायचं. त्यावर सरकारांनी उपाय काय काढला, तर कागद वाढवले. नोंदणी, लेखापरीक्षण, उपयोगिता प्रमाणपत्र, प्रत्येकाच्या तीन प्रती. चोराला कागद जड जात नाहीत, त्याच्याकडे ते करणारा माणूस असतो. जड जातात ते आम्हाला.

आमचाच एक किस्सा. काही वर्षांपूर्वी एका कार्यालयाकडून आम्हाला थोडं अनुदान मंजूर झालं. पहिला हप्ता दिवाळीत यायचा होता, तो आला २९ मार्चला. खर्च ३१ मार्चपर्यंत दाखवायचा, नाहीतर परत. दोन दिवसांत मानधन कसं वाटणार? महिन्याच्या महिन्याला सह्या लागतात. शेवटी 'साहित्य' या सदराखाली सतरंज्या घेतल्या. चोवीस सतरंज्या! बावीस बायका आणि चोवीस सतरंज्या. पावत्या चोख, हिशेब पक्का, आक्षेप शून्य. त्या अजूनही आहेत. लग्नकार्याला वस्ती आमच्याकडून घेऊन जाते. म्हणायला त्या अनुदानाचा समाजाला उपयोग झाला.

उल्लासची मुदत मार्च २०२७ ला संपते. पुढची योजना दिल्लीत ठरेल, पण राज्याने स्वतःच्या पैशातून काही करू नये असं कुणी म्हटलेलं नाही. वर्षाला दोन-तीन लाखांचं लहान अनुदान द्या, पण सलग तीन वर्षं द्या आणि त्यातला मोठा वाटा शिकवणाऱ्याच्या मानधनासाठीच राखून ठेवा, दुसरीकडे वळवताच येणार नाही असा. पहिला हप्ता जूनमध्ये, वर्ग सुरू होण्याआधी. मार्चएंडची टांगती तलवार या एका गोष्टीपुरती काढा, उरलेली रक्कम पुढच्या वर्षी ओढू द्या.

आणि तपासणी करायची तर आमच्या फायली बघू नका, बायका बघा. वर्ष उलटल्यावर, आधी न कळवता, कुणालातरी पाठवा. त्याने हातात विजेचं बिल द्यावं आणि विचारावं, किती युनिट, शेवटची तारीख कोणती? पावतीपुस्तकात न बसणारी ही परीक्षा आहे, पण खोटी संस्था हिच्यात टिकणार नाही. आम्हीही कदाचित नापास होऊ. मग अनुदान थांबवा, माझी तक्रार नाही.

सध्याची परीक्षा मार्चमध्ये होते. वाचन, लेखन, संख्याज्ञान, प्रत्येकी ५० गुण. पहिल्या वर्षी, १७ मार्च २०२४ च्या परीक्षेला, आमच्या बायका नव्या साड्या नेसून गेल्या. शाळेच्या बाकावर बसलेला एकमेकींचा फोटो काढत होत्या. त्या दिवसाचं मोल मी कमी करत नाही. प्रमाणपत्र फ्रेम करून देवाशेजारी लावलेलं मी पाहिलंय. पण तेच घर पुढच्या वर्षी कोणत्याही यादीत नसतं. ती बाई आता नवसाक्षर, म्हणजे आकड्यांच्या दृष्टीने काम फत्ते. गोव्याने ३० मे २०२५ ला संपूर्ण साक्षर झाल्याची घोषणा केली. उद्या आपल्यालाही ती घाई होईल, म्हणून आत्ताच सांगते. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातल्या बायकांची साक्षरता ७५.८७ टक्के होती. घोषणा होईल तेव्हा हा आकडा खूप वर चढलेला असेल, आणि आमची सात सह्यांची अक्का त्यात साक्षर म्हणून मोजलेली असेल.

एक शेवटची, फारच क्षुल्लक वाटेल अशी गोष्ट. माझ्या वर्गातून ज्या बायका गळतात त्यांतल्या कित्येक अक्षरांना कंटाळून जात नाहीत. त्या पंचेचाळीस-पन्नाशीच्या असतात. बिडी डोळे मिटूनही वळता येते, त्यामुळे जवळचं दिसत नाही हे त्यांना पुस्तक हातात घेईपर्यंत समजलेलंच नसतं. मग त्यांना वाटतं, आपलं डोकंच चालत नाही. गेल्या वर्षी अशी एक बाई तिसऱ्या आठवड्यात यायची बंद झाली. घरी जाऊन मी माझी चाळिशी तिच्या नाकावर ठेवली. तिने कारखान्याचं कार्ड शोधून आणलं, बोट ठेवत ठेवत छाट म्हणून बाजूला काढलेल्या बिड्यांचा रकाना गाठला आणि कितीतरी वेळ तो आकडा बघत बसली. मग सुनेला हाक मारून तेलुगूत काहीतरी बोलली, ते मला कळलं नाही. सून हसायची थांबली एवढं दिसलं.

अशी चाळिशी बाजारात दीडशे-दोनशे रुपयांना मिळते. ती कुठल्या सदराखाली दाखवायची, साहित्य की इतर, हे मला अजून कुणी सांगू शकलेलं नाही. तुमच्या खात्याने तेवढं जरी लेखी कळवलं तरी मी जावक-आवकची वही घालीन.

आपली,
बिडी कामगार वस्तीतल्या साक्षरता वर्गाची एक शिक्षिका,
सोलापूर