जोडलेला फोटो

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

ताता आणि नानम्माचा, माझ्या आईवडलांचा, फोटो आज स्पीड पोस्टानं पाठवला. दुसरी प्रत नाही, स्कॅन झाला की परत पाठव. फोनवर तू म्हणालीस, प्रदर्शनात दोघांना वेगळं कापून समोरासमोरच्या भिंतींवर लावणार, मधली मोकळी जागा म्हणजे स्थलांतर. कल्पना मला कळली. तरी फोटो कापू नकोस.

या फोटोसाठी ते दोघं शेजारी बसलेच नव्हते. निजामाच्या राज्यात हातमागावर पोट भरेना म्हणून ताता सिरसिल्ल्याहून एकटेच इकडं आले. सोलापुरात 1877 पासून कापडगिरणी, शिवाय घरोघर माग. आपले कितीतरी पद्मशाली विणकर तेव्हा असेच तेलंगणातून येऊन पूर्व भागात राहिले. ताता मागाशेजारीच झोपायचे. तिथं बायकोला कुठं आणणार? नानम्मा गावी सासूजवळ राहिली. तातांनी इथल्या स्टुडिओत फोटो काढला, तिनं करीमनगरला. इथल्या फोटोवाल्यानं दोन्ही जोडून एकच छापला, सांधा ब्रशनं भरला, लुगड्याला गुलाबी रंग दिला.

नीट बघ. तातांच्या तोंडावर उजेड डावीकडून आहे, तिच्या तोंडावर उजवीकडून. तिचं डोकं त्यांच्यापेक्षा जरा मोठं आलंय. तातांच्या खांद्यामागं खुर्चीची पाठ अर्ध्यातच संपते. ती सोलापूरला येईपर्यंत त्यांचा संसार या पुठ्ठ्यावरच होता. वेगळं राहणं तर वाट्याला आलंच होतं. शेजारी दिसण्यासाठी मात्र तातांनी मजुरीतून पैसे बाजूला काढले. तू कापलंस तर त्यांनी केलेलं तेवढंच मोडशील. त्यापेक्षा तो सांधाच मोठा कर. ब्रशचे करडे फटकारे भिंतभर दिसू देत. ताटातूट त्यात आहेच.

आणि खाली दोघांची नावं लिही, गावासकट. डोरोथिया लँगनं 1936 मध्ये कॅलिफोर्नियात निपोमोजवळ वाटाणा तोडणाऱ्या मजुरांच्या तळावर एका आईचा फोटो काढला. साऱ्या जगानं तो पाहिला. पण लँगनं त्या बाईचं नावच विचारलं नव्हतं. फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन हे नाव लोकांना कळलं ते 1978 मध्ये, आणि त्या फोटोचा आपल्याला काही फायदा झाला नाही, असं ती म्हणाली. हे वाचल्यापासून मला राहवत नाही. आपल्याकडच्या बायकांचंही तसंच होईल. सूप मांडीवर घेऊन हजार हजार विड्या वळणारे हात लोकांना फार आवडतात. नानम्मानंही विड्या वळूनच मला शिकवलं. नुसत्या हातांवरून ती कुणाला ओळखू येणार?

‘हरवलेली मायभूमी’ हे प्रदर्शनाचं नाव मला पटलं नाही. मी सिरसिल्ल्याला जाऊन आलोय. लोकांनी प्रेमानं जेवू घातलं, पण तिथं मी पाहुणा होतो. मी तेलुगू बोलतो, लिहितो मराठीत. फुलांची बतुकम्मा इथंच मांडली जाते, मार्कंडेय महामुनींचा रथ इथंच निघतो. माझं गाव सोलापूर आहे आणि ते हरवलेलं नाही. तातांचं हरवलं असेल. ते त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही, म्हणून त्यांच्या वतीनं मी सांगणार नाही. तूही सांगू नकोस.

आणखी एक. नुसते जुने फोटो लावू नकोस. पहाटे स्टेशनवर जा, पुण्याला जाणाऱ्या हुतात्मा एक्स्प्रेसपाशी उभी राहा. माग बंद पडले तशी पोरं पुण्याला निघाली. आई खिडकीतून डबा आत देते, बाप लांब उभा राहून फोन बघतो. तातांच्या वेळचं निघणं कुणी टिपलं नाही, हे तुला टिपता येईल. पण आधी विचार, मग कॅमेरा काढ.

नारळी पौर्णिमेला यायचं तर तिकीट आताच काढ. त्या दिवशी रथामुळं सगळी आळी घरी असते. नावं लिहून घ्यायला एक वही सोबत ठेव.

तुझाच,
नायना