शॉर्टस्टॉपचे पाय आणि घड्याळ

डरहम, नॉर्थ कॅरोलायना

प्रिय दादास,
सा. न.

बेसबॉलच्या मायनर लीगमधला इनफिल्डर, म्हणजे बेसजवळचा (धावताना गाठायच्या टप्प्यांजवळचा) क्षेत्ररक्षक, पुढे जाणार की नाही हे स्काउट, म्हणजे खेळाडू हेरणारे, कसं ताडतात, असं विचारलं होतंस. इथला डरहम बुल्स संघ ट्रिपल-ए, म्हणजे मेजर लीगच्या लगेच खालच्या पायरीवरचा. त्याखाली डबल-ए, हाय-ए, सिंगल-ए.

दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला तो शॉर्टस्टॉप. त्याचे एरर, म्हणजे क्षेत्ररक्षणातल्या चुका, मोजत बसू नये. ज्याचा पल्ला मोठा तो अवघड चेंडूही गाठतो, त्यातला एखादा सुटला की एरर त्याच्याच नावावर. जो पोचतच नाही त्याची पाटी कोरी. म्हणून आधी पाय बघावेत. पिचरचा (चेंडू टाकणाऱ्याचा) चेंडू बॅटपाशी येतो त्याच क्षणी छोट्या उडीतून दोन्ही पावलं टेकली पाहिजेत. टाचांवर उभा राहिला तर पहिलं पाऊल उशिरा पडतं, आणि ती उणीव नुसत्या पळण्याने भरून निघत नाही. ग्लोव्ह जमिनीलगत असावा, खालून वर यावा. वरून खाली नेला की चेंडू पायांतून जातो.

मग स्टॉपवॉच. बॅटला चेंडू लागला की सुरू, पाय पहिल्या बेसवर पडला की बंद. अंतर 90 फूट. उजव्या बॅटरला साधारण 4.3 सेकंद, डावखुऱ्याला 4.2 ही मेजर लीगची सरासरी. डावखुरा बेसच्या जवळ उभा असतो ना! बंटची, म्हणजे बॅट आडवी धरून हळूच ढकललेल्या चेंडूची, वेळ धरू नये, बॅटर आधीच निघालेला असतो. शॉर्टस्टॉपलाही हेच घड्याळ: त्याचा थ्रो तेवढ्याच वेळात पोचायला हवा. तिसऱ्या बेसच्या बाजूला, खोलवर, उलट्या हाताने अडवलेल्या चेंडूवर खांदा कळतो. खांदा कमी पडला तर त्याची जागा सेकंड बेस. अंग भरून पाय मंदावले तर थर्ड, पण तिथे बॅटमध्ये ताकद लागते.

प्रत्येक कसबाला 20 ते 80 गुण, 50 म्हणजे मेजर लीगची सरासरी. बॅटिंगचे गुण देणं सगळ्यात कठीण. नुसते आकडे फसवतात: न्यू मेक्सिकोतलं आल्बुकर्की पाच हजार फूट उंचीवर आहे, तिथल्या विरळ हवेत चेंडू लांब जातो. वयही बघावं. हाय-एमधल्या 19 वर्षांच्या पोराची बेताची कामगिरी 24 वर्षांच्याच्या चांगल्या कामगिरीपेक्षा मोलाची. बाहेर वळणाऱ्या स्लायडरवर, म्हणजे ऐनवेळी आडव्या वळणाऱ्या चेंडूवर, बॅटर आपली बॅट आवरतो का, हे मी सगळ्यात वर धरतो. डबल-एमधले पिचर तीन बॉल (पट्ट्याबाहेरचे चेंडू, चौथ्याला बॅटरला फुकट बेस) झाल्यावरही स्लायडर टाकू शकतात. फक्त वेगवान चेंडूवर जगणारे तिथेच अडकतात.

शाळेतल्या पोरांना पॉइंटला उभं करशील तेव्हा ती छोटी उडी करून बघ. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
धाकटा