सेंद्रिय कापूस नेमका कोणासाठी?

संपादक महोदय,

आपल्या पुरवणीतला सेंद्रिय कापसावरचा लेख आवडला. साध्या सुती कपड्यांतून कीटकनाशकं थेट कातडीत शिरतात, हे त्यातलं विधान मात्र खटकलं. कापडगिरणीच्या प्रोसेस खात्यात माझी सारी नोकरी झाली, म्हणून लिहितो.

कोरं कापड तिथे कॉस्टिक सोड्याच्या उकळत्या द्रावणातून काढतात, मग हायड्रोजन पेरॉक्साइडने ब्लीच करतात, मधूनमधून धुणं चालूच. कापसाचं स्वतःचं मेणही ज्यात टिकत नाही, त्यात फवाऱ्याचा अंश कितीसा उरणार? सुती कपड्याने पुरळ उठते ती बहुधा नंतर चढवलेल्या गोष्टींनी: काही रंग, आणि चुण्या पडू नयेत म्हणून लावलेलं रेझिन. त्यातून फॉर्माल्डिहाइड सुटतं. फिनिशिंगच्या यंत्रापाशी आमचे डोळे चुरचुरायचे ते यानेच. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये त्याला माणसात कर्करोग घडवणारं रसायन ठरवलं. सेंद्रिय कापसाच्या कापडालाही हे रेझिन खुशाल लावता येतं! त्यामुळे नुसतं 'ऑरगॅनिक कॉटन' वाचून भुलू नये. रंग-रसायनांवरही बंधन घालणारं जीओटीएससारखं (सेंद्रिय कापडाचं जागतिक मानक) मानचिन्ह आहे का ते बघावं. आणि नवा कपडा धुऊन घालावा, कुठलाही असो.

तरीही मी सेंद्रियच्याच बाजूचा आहे, कारण औषध कातडीतून खरोखर शिरतं ते फवारणाऱ्याच्या. पाठीवरचा पंप गळतो, वारा फिरतो, अंगावरचा शर्ट भिजतो. ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली औषधं नसांना लागणारं कोलिनेस्टरेज हे विकर बंद पाडतात. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, लाळ गळते, श्वास कोंडतो. शिवाय रासायनिक नत्रखतातून नायट्रस ऑक्साइड निघतो. हवा तापवण्यात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७३ पट भारी. शेणखतातूनही तो थोडाफार निघतोच, पण कारखान्यात नत्रखत बनवायला जाळलं जाणारं इंधन तरी वाचतं.

पाण्याची ९१ टक्के बचत हा सगळीकडे फिरणारा आकडा मात्र जपून वापरावा. तो टेक्स्टाइल एक्स्चेंज या संस्थेच्या २०१४ च्या अभ्यासातला. त्यातली सेंद्रिय शेती बहुतेक पावसावरची होती. कोरडवाहू शेतात रासायनिक कापूस लावला तरी सिंचनाचं पाणी वाचतंच. उलट सेंद्रियचं एकरी उत्पादन बरेचदा कमी येतं, तेही सांगायला हवं.

लबाडीही होते. भारतातला २०,००० टन कापूस खोट्या कागदांवर सेंद्रिय ठरवला गेल्याचं २०२० मध्ये जीओटीएस चालवणाऱ्या संस्थेनेच उघड केलं.

पुरवणीत पुढचा लेख येणार असेल तर एवढं जरूर छापा: रसायनं सोडल्यावर प्रमाणपत्र मिळेपर्यंत दोन-तीन वर्षं जातात, तेवढ्यात उत्पन्न घटतं आणि भाव साध्या कापसाचाच मिळतो. ती तूट बरेचदा शेतकरी एकटाच सोसतो. महाग शर्ट विकणाऱ्या कंपन्या त्यातली किती उचलतात, हे त्यांना विचारा.

— एक वाचक, निवृत्त प्रोसेसिंग सुपरवायझर