टाकलेले पत्ते उघडे करणाऱ्या काकांना

आदरणीय काका,
शि. सा. नमस्कार.

आपण समोरच्याच जिन्यावर राहता, तेव्हा हे सारे दार वाजवूनही सांगता आले असते. पण आभाराचा विषय निघाला की आपण चहाचे आधण ठेवायला उठता आणि बोलणे तिथेच राहते. म्हणून लिहितो आहे. उघड लिहितो आहे, कारण अनंत चतुर्दशीच्या रात्री आपल्या गॅलरीत जे माझ्यावर हसले त्यांनीही ते वाचावे, अशी माझी इच्छा आहे.

पोकर शिकवतो म्हणून माझ्याकडून फी घेणाऱ्या एका गृहस्थांनी मला रंगीत तक्ते पाठवले होते. कोणत्या पत्त्यांवर ऑल-इन, म्हणजे जवळचे सगळे, लावायचे ते त्यांत होते, का लावायचे ते कुठेच नव्हते, आणि विचारले तर ‘आधी पाठ करा’ एवढेच उत्तर येई. मित्रांचे शास्त्र त्याहून सोपे होते: चार बदाम जमले की सगळे लाव, पाचवा येतोच, आणि पाच बदाम म्हणजे फ्लश. तो किती वेळा येत नाही, हे सांगायला त्यांच्यापैकी कोणी थांबले नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा झाला आणि माझे ॲप बंद पडले, तेव्हा गेलेल्या पैशांपेक्षा मी काय चुकत होतो हेच कळले नाही, याचा सल मोठा होता.

त्या रात्री आपल्याकडे डाव चिंचोक्यांवर होता. झांक्या, म्हणजे मिरवणुकीतले देखावे, यायला अवकाश होता, खाली रामबागेच्या रस्त्यावर गर्दी वाहत होती, आणि माझ्या हाती बदामाची नव्वी-अठ्ठी होती. फ्लॉपवर, म्हणजे मधे उघडलेल्या पहिल्या तीन पानांत, दोन बदाम आले, मी गप्प राहिलो. टर्नवर, म्हणजे चौथे, काळे पान पडले आणि मग मला शौर्य सुचले. मधे ६० चिंचोके होते, मी माझे ९० सरकवले. समोर माझा आतेभाऊ होता, ज्याने जन्मात कधी जोडी टाकून डाव सोडलेला नाही. त्याने क्षणभरही विचार न करता ९० लावले, रिव्हरला, म्हणजे पाचव्या आणि शेवटच्या पानाला, चौकट आली, आणि हशा पिकला. आपण हसला नाहीत. आपण चिंचोके गोळा करत फक्त विचारलेत, “तो काय टाकेल असे तुला वाटले होते?”

याचे उत्तर माझ्याकडे नव्हते. सेमी-ब्लफ म्हणजे आपला हात अजून बनलेला नाही, पण बनू शकतो, अशा वेळी लावलेली बोली, हे मला ठाऊक होते. मात्र जिंकण्याच्या दोन वाटांपैकी मी एकीकडेच, पान येण्याकडेच, डोळे लावून बसलो होतो. दुसरी वाट समोरच्याच्या हातातून जाते, आणि तो पत्ते टाकणारच नसेल तर ब्लफ उरत नाही, नुसती आशा उरते.

दुसऱ्या दिवशी आपण ४७ चिंचोके मोजून पिशवीत घातलेत. माझी दोन पाने आणि फ्लॉपची तीन वगळली की न दिसलेली पाने तेवढीच उरतात. त्यांतल्या ९ चिंचोक्यांना आपण हळदीचे बोट लावलेत, कारण तेरा बदामांपैकी चार मला दिसत होते. मग, टर्न आणि रिव्हर अशी दोन पाने यायची असतात म्हणून, डोळे मिटून दोन-दोन काढायचे आणि परत टाकायचे, असे शंभरदा करवलेत. हळद लागलेला निदान एक चिंचोका ३६ वेळा हाती आला. हिशेबाने ३५ यायला हवा. मग एक साधा चिंचोका बाजूला ठेवून, म्हणजे टर्नचे पान गेले असे धरून, ४६ मधून एकेकच काढायला लावलात. तेव्हा हळद २१ वेळाच आली, आणि हिशेब २० च्या आतबाहेरचाच निघाला. फी घेणाऱ्या गृहस्थांच्या एकाही तक्त्याने माझ्या बोटांना हा फरक कधी जाणवून दिला नव्हता.

त्यावरून आपण जी आकडेमोड करून घेतलीत ती मला तोंडपाठ आहे, पण या वेळी समजून. मधे ६० असताना ९० लावले आणि समोरच्याने तेवढेच लावले, तर ढीग २४० चा होतो. फ्लॉपवर त्यातला माझा वाटा (शंभरात ३५) सुमारे ८४, म्हणजे तोटा ६ चा; समोरच्याने अकरातून एकदा पत्ते टाकले तरी तो भरून निघतो. टर्नवर तोच वाटा ४७ वर येतो, तोटा ४३ होतो, आणि मग त्याने शंभरातून किमान ४२ वेळा पत्ते टाकायला हवेत. आतेभाऊ बेचाळीस आयुष्यांतही टाकणार नाही. शिवाय, ऑल-इनला जो लावतो तो बहुधा चांगलेच घेऊन बसलेला असतो, त्याच्याकडे सेट, म्हणजे एकाच आकड्याची तीन पाने, असला तर फ्लॉपवरच्या ३५ टक्क्यांचे २५ होतात, आणि वरचे बदाम असले तर आपला फ्लश लागूनही आपण हरतो, हेही आपण सांगितलेत.

पण काका, हे गणित एखाद्या पुस्तकातूनही मिळाले असते. मला आठवते आहे ती कोजागिरीची रात्र.

गच्चीवर दूध आटत होते. माझ्याकडे बदामाचा एक्का आणि पंजी होती. फ्लॉपवर बदामाचा राजा, बदामाची अठ्ठी आणि किलवरची तिर्री. संध्याकाळभर मी फारसे काही खेळलो नव्हतो. आपण बोली लावलीत, पण आपला ढीग अजून भरलेला होता, म्हणजे मागे फिरायला आपल्याला जागा होती. मी सगळे सरकवले. आपण चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसलात, पुन्हा लावलात, आणि पत्ते टाकलेत. आणि मग, जे पोकरमध्ये कोणी कोणाचे देणे लागत नाही, ते आपण केलेत: टाकलेले दोन्ही पत्ते सर्वांसमोर उघडे करून ठेवलेत. राजा आणि दश्शी. आपण पुढे होतात. माझा बदाम आला असता किंवा दुसरा एक्का आला असता तरच मी जिंकलो असतो, आणि ते शंभरात पंचेचाळीसच्या आसपास होते.

“पान आले म्हणून नाही जिंकलास,” आपण म्हणालात, “मी टाकले म्हणून जिंकलास. हे दिसले नसते तर तुला वाटले असते, माझ्याकडे काहीच नव्हते.”

राजाची जोडीही आपण सोडू शकता, ही आपली गुप्त गोष्ट आता साऱ्या गच्चीला कळली होती, आणि पुढच्या डावांत तिची किंमत आपल्यालाच मोजायची होती. आतेभावाने लगेच दोनदा आपल्यावर ऑल-इन लावून पाहिले, तेही सर्वांना आठवत असेल. फी घेऊन ज्यांनी काही दिले नाही, त्यांच्याशी आपली तुलना करणेही मला बरे वाटत नाही. खेळात आपले नुकसान करून दुसऱ्याला शहाणे करणारी माणसे मी दुसरी पाहिलेली नाहीत, आणि खेळाबाहेरही ती मोजकीच असावीत.

पुढच्या रविवारी मी येतो आहे. मी ऑल-इन लावले तर आता आपण पत्ते टाकणार नाही, हे मी जाणून आहे, कारण आपण मला एकदा अर्धवट हातावर सगळे लावताना पाहिले आहे. तेव्हा त्या दिवशी माझ्याकडे तीन राजे असतील.

आपला,
समोरच्या जिन्यावरचा