मातीविना भाजी : नागपूरचा उन्हाळा लक्षात घ्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मातीविना भाजी पिकवण्याची, म्हणजेच हायड्रोपोनिक्सची हौस आता नागपुरातल्या गच्च्यांवरही दिसू लागली आहे. ही हौस चांगलीच आहे. मात्र पाइप आणि पंपांचे महागडे संच बारमाही म्हणून विकले जातात आणि मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढणाऱ्या या शहरात तो दावा टिकत नाही, हे घेणाऱ्याला आधी कुणी सांगत नाही. पाणी तापले की त्यात विरघळलेला प्राणवायू कमी होतो आणि मुळे तपकिरी पडून सडू लागतात. त्यातच वीज जाऊन पंप थांबला, तर भर उन्हात रोपे काही तासांतच माना टाकतात.

घरच्यापुरते पिकवणाऱ्याने पंपाच्या भानगडीत न पडता अमेरिकेतल्या हवाई बेटांवरील विद्यापीठाचे बी. ए. क्रॅटकी यांच्या नावाने ओळखली जाणारी साधी पद्धत वापरावी, असे माझे मत आहे. झाकणाच्या थर्माकोलच्या खोक्यात जाड काळे प्लास्टिक अंथरून पोषकद्रावण भरावे, झाकणाला भोके पाडून त्यांत कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि रोप असलेले जाळीदार कप बसवावेत आणि सुरुवातीला कपाचा तळ तेवढा द्रावणात बुडू द्यावा. रोप पाणी पीत जाते तशी पातळी उतरते. वरची मुळे ओलसर हवेत मोकळी राहून प्राणवायू घेतात आणि खालची मुळे पाणी व खत घेत राहतात. ही मोकळी जागाच कळीची असल्यामुळे, पातळी उतरलेली पाहून काळजीपोटी खोके पुन्हा काठोकाठ भरणारा माणूस रोपाला गुदमरवत असतो.

खतांबाबतही गैरसमज आहेत. युरियाचे नायट्रेटमध्ये, म्हणजे मुळांना सहज घेता येणाऱ्या रूपात, रूपांतर करण्याचे काम मातीतले जिवाणू करतात. नुसत्या पाण्यात चिमूटभर युरिया टाकून ते साधत नाही. हायड्रोपोनिक्ससाठीची ‘ए’ आणि ‘बी’ ही दोन द्रावणे पाण्यात वेगवेगळी मिसळावीत, कारण ती घट्ट असतानाच एकत्र केली तर कॅल्शियमचा साका तळाशी बसतो. द्रावणाचा सामू (पीएच, म्हणजे आम्लतेचे माप) साधारण ५.५ ते ६.५ असावा, बोअरच्या जड पाण्यात तो वर सरकतो, तेव्हा तपासणी टाळू नये.

ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा आपल्याकडचा खरा हंगाम. पालक, सांभार (कोथिंबीर), पुदिना, लेट्यूस एवढ्यावर समाधान मानावे. यामुळे गोकुळपेठेच्या बाजाराची फेरी चुकेल, अशी आशा मात्र कुणी धरू नये.

डेंग्यू पसरवणारा डास घरातल्या स्वच्छ, साचलेल्या पाण्यातच अंडी घालतो. कूलरच्या टाक्यांबाबत आपण दरवर्षी जे ऐकतो, तेच या खोक्यांनाही लागू आहे. झाकण घट्ट असावे आणि कपाभोवतीची फट बुजवावी. त्यामुळे उजेड आत न गेल्याने शेवाळही धरत नाही.

महाराजबागेजवळचे, १९०६ साली स्थापन झालेले कृषी महाविद्यालय या शहराला लाभले आहे. तेथील तज्ज्ञांनी घरगुती पद्धतीचे एक दिवसाचे प्रात्यक्षिक दरवर्षी सप्टेंबरअखेर नागरिकांसाठी ठेवावे आणि नागपूरच्या हवामानाला व पाण्याला धरून खताचे प्रमाण सांगणारे एक पानी मराठी पत्रक काढावे, ही विनंती आपल्या दैनिकाच्या माध्यमातून त्यांच्यापर्यंत पोहोचावी.

आपला,
एक वाचक, धरमपेठ, नागपूर